मिशाळ मासा आणि परक्या नद्या

बदलीच्या गावी रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात माणूस काय वाचतो, या विषयावर अद्याप कोणी प्रबंध लिहिलेला नाही. परंतु तो लिहिण्याजोगा आहे खास. पुस्तकांच्या पेट्या मागाहून यावयाच्या असतात, नव्या गावातील वाचनालयाची भाषा निराळी असते, आणि कचेरीतील मंडळी अजून आपणांस जोखीत असल्यामुळे संध्याकाळी कोणी फिरकत नाही. अशा वेळी विश्रामगृहाच्या कपाटात जे हाती लागेल ते वाचावे लागते. माझ्या हाती त्या काळात बहुधा शिकारीची किंवा मासेमारीची इंग्रजी पुस्तके लागली. वाळवीने कडा कुरतडलेल्या, पूर्वीच्या कोणा साहेबाने पेन्सिलीने खुणा केलेल्या त्या ग्रंथांतून मला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. गळाने मासे धरणाऱ्यांनी निर्माण केलेले जे वाङ्मय हिंदुस्थानापुरते प्रसिद्ध आहे, ते जवळजवळ सर्व बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांचे वाङ्मय आहे. ते आपल्या जातकुळीचे आहे, असे म्हटल्यास बृहन्महाराष्ट्रातील वाचक माझ्यावर रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

या वाङ्मयाचा नायक एकच. इंग्लंडात त्याला बार्बेल म्हणतात, आपल्याकडे महसीर. दोघेही एकाच मोठ्या कुलातले. दोघांनाही ओठांपाशी मिशांच्या दोन जोड्या. दोघांनाही वाहते, स्वच्छ, खडकाळ तळाचे पाणी प्रिय. शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ महसीराची गणना बार्बेलच्याच प्रजातीत केली होती, आणि जुन्या पुस्तकांत त्याला हिंदुस्थानचा बार्बेल असेच म्हटलेले आढळते. पुढे त्याला वेगळे बिऱ्हाड मिळाले. तथापि साहित्याच्या दृष्टीने ही भाऊबंदकी महत्त्वाची आहे. कारण इंग्लंडातून आलेल्या अधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याशी किंवा कावेरीच्या डोहात जेव्हा हा मासा प्रथम पाहिला, तेव्हा त्याला गावाकडचा एक नातलग परदेशी, आणि तोही दसपट थोराड होऊन भेटल्यासारखे वाटले असले पाहिजे.

मूळ घराण्याचा इतिहास आयझॅक वॉल्टनपासून सुरू होतो. त्याचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक १६५३ साली प्रसिद्ध झाले. राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षे लोटली होती आणि वॉल्टन हा राजपक्षाचा, लंडनमधला कापडाचा व्यापारी होता. देशात जे चालले होते त्याबद्दल त्याने या पुस्तकात फारसे काही म्हटलेले नाही. तो नदीकाठी बसतो आणि संवाद लिहितो. बार्बेलला त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मिशांवरून पडलेले नाव, प्रवाहाच्या जोरातही तळाशी तग धरून राहण्याची शक्ती, विषारी गाभोळी, डॅन्यूब नदीत हे मासे हातांनी धरता येण्याइतके विपुल असल्याची वार्ता, अशी माहिती तो देतो. यातील पुष्कळशी त्याने जुन्या पंडितांच्या ग्रंथांतून उचललेली आहे. केवळ माहितीकरिता वॉल्टन वाचणे म्हणजे पंचांगाकरिता ‘ऋतुसंहार’ वाचण्यासारखे आहे. त्याचा आनंद त्याच्या चालीत आहे. मासा लागला काय आणि सुटला काय, त्याच्या वाक्याची गती बदलत नाही. त्याच्या नद्या घरच्या आहेत. सकाळी शहरातून पायी निघावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, इतक्या अंतरावरच्या. म्हणून त्याला कोठलीच नदी वर्णन करून सिद्ध करावी लागत नाही.

बदलीवर गेलेल्या लेखकाचे तसे नसते. त्याला प्रत्येक नदी प्रथम शिकावी लागते आणि मग घरच्या वाचकाला पटवून द्यावी लागते. येथून निराळ्या प्रकारचे गद्य जन्मास येते.

त्या गद्याचा हिंदुस्थानातील आद्य आणि माझ्या मते अजूनही श्रेष्ठ नमुना म्हणजे हेन्री सलिव्हन टॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’. टॉमस मद्रास इलाख्यातील मुलकी नोकरीत होते. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनावर त्यांनी १८७० साली सरकारास अहवाल सादर केला आणि तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, हे पुस्तक मंगळुरास छापले. पुढे विलायतेत त्याच्या वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. परंतु पहिली प्रत जिल्ह्याच्या गावी छापली गेली, ही बाब मला अर्थपूर्ण वाटते. हे पुस्तक मुळात लंडनच्या रसिकाला उद्देशून लिहिलेले नाही. शेजारच्या जिल्ह्यात नुकत्याच आलेल्या, सालमन माशाच्या आठवणींनी व्याकूळ झालेल्या, आणि या देशात करमणुकीसारखे काहीच नाही असे समजणाऱ्या एखाद्या तरुण सहकाऱ्याशी व्हरांड्यात बसून केलेली ती बातचीत आहे.

त्या तरुणाची पहिली समजूत टॉमस खोडून काढतात ती मोठ्या धिटाईने. वजनास वजन धरले तर महसीर हा सालमनहून अधिक जोरकस असतो, असा त्यांचा सिद्धान्त. एका इंग्रजाने हे लिहिणे म्हणजे आपल्याकडे कोणी हापूसपेक्षा परप्रांतीय आंबा सरस म्हणण्यासारखे होते. पण हे विधान नुसत्या फुशारकीचे नाही. टॉमस पुराव्याच्या मार्गाने जातात. मासा धारेत कोठे उभा राहतो, पहिली झेप का घेतो, घशातील दातांनी काय काय चिरडू शकतो, या सर्वांचा ते असा विचार करतात की वाचक गळ विसरून माशाच्या बाजूने विचार करू लागतो. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा मोठे मासे अंडी घालण्यासाठी उपनद्यांत चढतात, आणि पाणी ओसरू लागले की खाली उतरतात. म्हणून दोन नद्यांचा संगम हीच त्यांची वाट अडविण्याची जागा. ही गोष्ट मासेमाऱ्याला उपयोगी असेल. मला ती वाचताना मात्र नदीचे सबंध वर्ष डोळ्यांपुढे उभे राहिले. एरवी आपण संगमावर जातो ते स्नानाला किंवा अस्थी घेऊन. संगमाचा माशांच्या दृष्टीने काही अर्थ असेल, हे माझ्या मनात त्या दिवसापर्यंत आले नव्हते. महसीर सर्व अंडी एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घालतो, असाही टॉमस यांचा निष्कर्ष आहे. अवलोकनाच्या बळावर काढलेला तर्क वाङ्मयात किती रसाळ होऊ शकतो, याचे उदाहरण म्हणून ती पाने मी कोणालाही वाचावयास देईन.

दोष नाहीत असे नाही. पुस्तक पसरट आहे. विनोद पुष्कळ ठिकाणी शिळा झाला आहे. दोऱ्या, गाठी, आकडे यांची चर्चा ज्याने कधी गळ टाकला नाही त्याला कंटाळा आणते. आणि खरा आक्षेप याहून गंभीर आहे. नदीकाठची माणसे टॉमस यांच्या पानांत बहुधा दोनच रूपांत येतात: पाण्यात विष कालवून मासे मारणारे अपराधी, किंवा साहेबाचे सामान वाहणारे सेवक. विष आणि बारीक डोळ्यांची जाळी यांनी नदी उजाड होते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पुढे १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्याने सुरुंग आणि विष यांना बंदी घातली, ती योग्यच झाली. पण ज्या कोळ्याला त्या डोहाची खोली, तेथल्या खडकांची ठेवण आणि माशाची वेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्याच्याकडून साहेबाने काय शिकून घेतले, याचा हिशेब पुस्तकात जमेच्या बाजूला क्वचितच दिसतो. महसूल खात्याच्या माणसाने जमेची बाजू अपुरी ठेवावी, हे जरा विचित्रच.

टॉमस यांच्यानंतर या घाटाची पुस्तके पुष्कळ झाली. त्यांतील बहुतेकांना मी साहित्य म्हणणार नाही. ‘स्कीन धू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचे लेखन चुरचुरीत आहे. मॅक्डोनल्ड यांचे ‘सरकमव्हेंटिंग द महसीर’ हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली प्रसिद्ध केलेले जाडजूड पुस्तक म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकासारखे आहे: कोणत्या नदीवर कोठून जावे, मुक्काम कोठे करावा, कोणत्या महिन्यात जावे. परंतु काळाने या वेळापत्रकावर एक विलक्षण संस्कार केला आहे. प्रकाशनाचे वर्ष पाहा. साहेब निघून गेले होते. आणि ज्या जागांची तजवीज या परंपरेतील पुस्तकांनी इतक्या बारकाईने सांगितली, त्यांतील कित्येक आज पाण्याखाली आहेत. झेलम आणि पूंछ या नद्यांच्या संगमावरील टांग्रोट हे महसीरासाठी नावाजलेले ठिकाण १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या मंगला धरणाच्या जलाशयात गेले. सतलजवर भाक्रा झाले, रामगंगेवर कालागढ झाले. किप्लिंगने आपल्या ‘द ब्रशवुड बॉय’ या कथेत पूंछच्या महसीराचा गौरवाने उल्लेख केला आहे. ती कथा आहे, तो संगम नाही. मार्गदर्शिका विलापिकेसारखी वाचता येऊ लागते ती अशी; लेखकाचे त्यात काडीइतकेही श्रेय नाही.

जिम कॉर्बेटचा मार्ग स्वतंत्र आहे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे १९४४ सालचे पुस्तक मराठी वाचकाला परिचित आहे. त्यातील ‘द फिश ऑफ माय ड्रीम्स’ हे प्रकरण मात्र पुष्कळजण, पुढची वाघीण कधी येते या उत्सुकतेने, भरभर उलटून टाकतात. मीही प्रथम तेच केले. दुसऱ्या वाचनात ध्यानी आले की, सबंध पुस्तकात हेच एक प्रकरण असे आहे जेथे लेखकाच्या पाठीमागे भय उभे नाही. इतरत्र त्याला जंगलातील प्रत्येक आवाजाचा अर्थ लावावा लागतो, कारण चूक झाली तर प्राण जातील. येथे तेच कान आणि तेच डोळे केवळ सुखासाठी उघडे आहेत. डोंगरपायथ्याची नदी, काठचे पक्षी, पाण्याचा रंग, यांना मासा पकडण्याइतकेच महत्त्व आहे; किंबहुना अधिकच. कॉर्बेट सर्व मैदानी छंदांत अशा नदीवरील महसीराच्या मासेमारीला पहिले स्थान देतो, हे वाचून वाघाच्या गोष्टींसाठी आलेला वाचक बुचकळ्यात पडतो. मला त्यात नवल वाटत नाही. कॉर्बेट कुमाऊँत परका नव्हता. नैनितालला जन्मला, तेथेच वाढला. वॉल्टनची घरची नदी हिंदुस्थानी महसीर-वाङ्मयात कोठे सापडत असेल तर ती त्याच्याच पानांत, आणि म्हणूनच त्या पानांना वजनांची यादी द्यावी लागत नाही.

वजनांचा विषय निघालाच आहे. या वाङ्मयाचा सर्वांत कृत्रिम अलंकार म्हणजे पौंड. १९१९ मध्ये कावेरीत ११९ पौंडांचा मासा धरला गेला आणि १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनीच्या पाण्यात १२० पौंडांचा. या आकड्यांचा मोह दुर्निवार आहे. इंग्लंडातल्या बार्बेलचा २००६ सालचा उच्चांक २१ पौंड १ औंसाचा, हे त्याशेजारी ठेवले म्हणजे मोहाचे कारणही कळते. पण प्रत्येक प्रकरणाचा कळस वजनकाट्यावर होऊ लागला की गद्य मरते. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने १९६५ मध्ये मराठीत आणलेली हेमिंग्वेची कादंबरिका आठवावी. तेथील मासाही प्रचंड आहे, परंतु किनाऱ्याला लागतो तेव्हा वजन करण्यासारखे त्याच्यात काही उरलेले नाही. तो म्हातारा मासा धरतो कारण ते त्याचे काम आहे. आमचे साहेब मासा धरतात कारण त्यांची रजा मंजूर झाली आहे. दोन्ही प्रकारच्या लेखनांत तळमळ असू शकते. मात्र रजेवरच्या माणसाला आपली तळमळ जरा हसून सांगता आली पाहिजे, आणि ते भान टॉमस यांना होते.

आता थोडे मागे जाऊ. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील प्रबंध १४९६ सालचा, असे तिकडचे अभ्यासक सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ इ. स. ११३० च्या सुमाराचा. राजाच्या विनोदांमध्ये त्यात मत्स्यविनोदाला जागा आहे: माशांच्या जाती, समुद्राचे व नदीचे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद, त्यांना चारा टाकून एका जागी लावण्याची रीत, दोरी, काठी, गळ. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लिहून त्याकडे जगाचे लक्ष वेधले. ग्रंथाचे संपादन मात्र त्याआधीच बडोद्यास, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, श्रीगोंदेकर यांनी सुरू केले होते. पहिला खंड १९२५ चा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी पंडिताच्या हातून तो प्रकाशात यावा, याचा मला अभिमान वाटतो. आणि त्या प्रकरणाचा रसास्वाद घेणारे चार शब्द मराठीत मला वाचावयास मिळू नयेत, याची खंत.

कारण मराठी वाङ्मयात नदी पुष्कळ आहे, मासा नाही. काका कालेलकरांच्या ‘लोकमाते’त नद्या आहेत आणि त्या पूज्य आहेत, पाण्याखाली काय हालते, तिकडे त्या भक्ताची नजर सहसा जात नाही. संतांच्या अभंगांत मासोळी येते ती बहुधा पाण्याबाहेर तळमळण्यासाठी. मारुती चितमपल्ली यांनी तलावाकाठच्या ढिवरांकडून आणि आदिवासींकडून शब्द गोळा केले. ते वनखात्यातले, म्हणजे पुन्हा बदलीवरचेच अधिकारी होते, आणि हे काम त्यांनी केले नसते तर दुसऱ्या कोणी केले असते असे मला वाटत नाही. वस्तुतः आपली भाषा या बाबतीत दरिद्री नाही. कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ हे एकच सुटसुटीत क्रियापद आहे. डोह, कोंड, खळाळ, उतार हे शब्द आहेत. महाड तालुक्यातील वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून राखलेले महसीर माणसाच्या हातचे खातात. शब्द आहेत, मासे आहेत, श्रद्धाही आहे. त्यांची गाठ पडून एखादा चांगला ललितनिबंध मात्र झालेला मी वाचलेला नाही.

माझे आजोळ घोड नदीकाठचे शिरूर. लहानपणी आजोबांच्या बरोबर नदीवर जावे आणि त्यांची संध्या चालू असता पायाच्या बोटांना लुचणारे बारीक मासे पाहावे, यापलीकडे माझा मत्स्यविद्येशी संबंध नव्हता. पुढे कलकत्त्यास नेमणूक असताना एका ग्रंथालयात कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध चाळावयास मिळाला. हे साइक्स १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारचे आकडेमोड अधिकारी होते. निबंध १८३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका माशाचे ठिकाण दिले होते गोरेह नदी, सीरूर. दोनदा वाचल्यावर उलगडा झाला की ही आमची घोड, आणि हे आमचे शिरूर. परक्या शहरात, परक्या भाषेत, चुकीच्या उच्चाराने आपल्या आजोळची नदी भेटावी, यात जी कालवाकालव होते तिला नाव नाही. माशाचे नाव त्यांनी ‘मुसुल्ला’ असे नोंदविले आहे. दुसरा ‘खुद्री’, पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पाण्यातला. आणखी ‘कोलुस’, ‘नुक्ता’, ‘बोग्गुट’. ही सर्व नावे कोणी तरी मराठी कोळ्याने त्या कर्नलसाहेबांना तोंडी सांगितली, त्यांनी ती ऐकली तशी रोमन लिपीत उतरविली, आणि आज ती जगभर शास्त्रीय नावांत लॅटिनचा झगा घालून वावरत आहेत. सांगणाऱ्याचे नाव निबंधात नाही. बंगालच्या बाजूस बुकॅनन यांनी १८२२ मध्ये ‘तोर’ हे नाव असेच नोंदविले, आणि महसीराच्या साऱ्या प्रजातीचे नाव पुढे त्यावरून पडले.

या नावांचा पुढचा प्रवास एखाद्या कादंबरीकाराला सुचला नसता. कावेरीत कुबडासारखी पाठ आणि नारिंगी पर असलेला जो राक्षसी महसीर मिळतो, त्याला कित्येक दशके शास्त्रज्ञ ‘मुसुल्ला’च म्हणत आले. म्हणजे शिरूरच्या माशाचे नाव कर्नाटकातल्या एका अगदी भिन्न जातीवर चालत राहिले. शिरूरचा खरा मुसुल्ला महसीरच नव्हे, निराळ्याच प्रजातीतला आहे, हे अलीकडे ठरले. कावेरीच्या त्या राजाला स्वतःचे नाव २०१८ मध्ये मिळाले: ‘तोर रेमादेवी’. आणि नाव मिळाले त्याच वर्षी तो आत्यंतिक संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

असे का झाले, याच्या कारणांत धरणे आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. आणि आपला खुद्रीही आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० नंतरच्या काळात महसीराची कृत्रिम पैदास होऊ लागली. निळसर परांचा दख्खनी खुद्री तेथे सहज वाढला, आणि त्याची पिले सद्हेतूने देशातील निरनिराळ्या नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही. तेथे तो असा रुळला की मूळचा रहिवासी मागे हटू लागला. इंग्लंडातही असा प्रयोग झालेला आहे. केनेट नदीतले ५०९ बार्बेल १९५६ मध्ये सेव्हर्न नदीत नेऊन सोडले, तेव्हा ते तेथे फोफावले आणि मासेमाऱ्यांनी आनंद मानला. कावेरीत आनंद मानावा असे घडले नाही. म्हैसूरला असताना मी एकदा भीमेश्वरीच्या बाजूला वेताच्या गोल होडीतून फिरलो होतो. होडी चालवणारा म्हातारा निळ्या परांचा मासा आणि नारिंगी परांचा मासा असा भेद सहज बोलून गेला. एक इथला, एक आणून सोडलेला, एवढेच त्याच्या बोलण्याचे सार. आणून सोडलेला हा माझ्या पुण्याकडचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आज ते आठवले म्हणजे मी थोडा ओशाळतो. सरकारी हुकुमाने परप्रांतात जाऊन रुळलेल्या माणसाने या कथेकडे केवळ मत्स्यशास्त्र म्हणून पाहावे, ही अपेक्षा कोणी करू नये.

ही घट कळली कशावरून, हे मला समीक्षक म्हणून सर्वांत उद्बोधक वाटते. कावेरीकाठच्या तळावर येणारे हौशी लोक धरलेला मासा तोलून परत पाण्यात सोडीत, आणि तेथे एक नोंदवही ठेवलेली असे. किती वेळ गळ टाकला, किती मासे लागले, कोणत्या जातीचे, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा दिसून आले की एकंदर मासे वाढत गेले, पण कुबडवाला घटत गेला. तळावर येणाऱ्यांपैकी काहींनी नंतर रंगतदार पुस्तके लिहिली; त्यांतील वर्णने मी वाचली आहेत आणि काही आवडलीही आहेत. परंतु एक जात नाहीशी होत आहे, हे वर्णनांना दिसले नाही. ते रकान्यांना दिसले. शैलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे पचवावे. ज्या पौंडांना मी वर कृत्रिम अलंकार म्हटले, तेच पौंड रोजच्या रोज, सर्व माशांचे, लहानमोठे न पाहता लिहिले गेले तेव्हा साक्षीदार झाले. एका उच्चांकाचे गद्य आणि चौदा-पंधरा वर्षांच्या नोंदवहीचे गद्य यांतला फरक आपल्यासारख्या फायलींत आयुष्य घालविलेल्यांना तरी समजावून सांगावा लागू नये.

टॉमस यांचे पुस्तक मराठीत यावे असे मी म्हणणार नाही. त्यातील निवडक शंभर पाने, संगमाची आणि अंड्यांची, यावीत. सोमेश्वराचा मत्स्यविनोद मात्र टिपांसह संपूर्ण यावा, आणि टिपा लिहिणाऱ्याने आधी कृष्णा-भीमेच्या काठी दोन महिने कोळ्यांत काढावेत.

दरम्यान एक लहानसे काम या पत्राच्या वाचकांना करण्यासारखे आहे. आपल्यापैकी कोणी आसामात जियाभरलीच्या काठी असेल, कोणी हिमाचलात, कोणी जबलपुरास नर्मदेपाशी. तेथील मासेमाऱ्यांना या मिशाळ माशाचे नाव विचारावे, वयाप्रमाणे वा रंगाप्रमाणे नाव बदलते काय ते विचारावे, आणि उत्तर देवनागरीत, जसे ऐकू आले तसे, लिहून संपादकांकडे पाठवावे. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचेही नाव लिहावे. साइक्स यांनी ते लिहिले नाही.